आईच्या नळ्या आणि डामाचा कागद

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. १९ दिवस ती व्हेंटिलेटरवर आहे. आता ती शुद्धीवर येणार नाही, असं डॉक्टर सांगतात. ‘मला नळ्या लावून ठेवू नका’ असं ती नेहमी म्हणायची, पण लिहून काही ठेवलेलं नाही. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, ‘आईला मारायच्या कागदावर मी सही करणार नाही.’ हॉस्पिटलवाले म्हणतात, डामावर सही करा आणि घरी न्या. मी सही केली तर माझ्यावर खुनाचा गुन्हा लागेल का?

उत्तर : ताई, कायद्याने आखून दिलेल्या वाटेने आईचे कृत्रिम उपचार थांबवले, तर तो गुन्हा नाही. पण डामा ही ती वाट नव्हे. त्या कागदावर सही करू नका.

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं. ज्या डॉक्टरांनी आशा नसल्याचं सांगितलं, त्यांच्याच सल्ल्याविरुद्ध तुम्ही आईला हलवलंत, असं तो कागद उद्या बोलेल. जबाबदारी सगळी तुमच्या माथी. आणि आई ॲम्ब्युलन्समध्ये श्वासासाठी तडफडत जाईल, ते वेगळंच. असे शेवट मी पाहिले आहेत, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. मृत्यूचं इंजेक्शन देणं आजही गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवणं हा गुन्हा नाही. आईने आपल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) केलेलं नसलं तरी ही वाट बंद होत नाही.

हॉस्पिटलने आधी प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमायचं : आईवर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. हे मंडळ घरच्यांशी बोलतं, बोलण्याची लेखी नोंद ठेवतं, लेखी संमती घेतं. मग दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो आणि बाकीचे तज्ज्ञ पहिल्या मंडळाबाहेरचे. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, अशी अपेक्षा आहे. अंमल करण्याआधी हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. फक्त कळवायचं असतं, परवानगीसाठी कोर्टात खेटे घालायचे नसतात. व्हेंटिलेटर काढला तरी वेदना आणि धाप कमी करणारी औषधं चालूच राहायला हवीत. ती मागायला अजिबात संकोचू नका.

आता भाऊ. खरी अडचण कायद्याची नाही, त्याची आहे. थोरल्याचा शब्द मोठा, किंवा दोघांविरुद्ध एक, असा कुठलाही हिशेब निकालात नाही. व्यवहारात मात्र एक मूल ‘नाही’ म्हणालं की हॉस्पिटल हात आखडतं, आणि मला त्यात डॉक्टरांचा दोष दिसत नाही. म्हणून त्याला टाळून सही करण्याचा विचार सोडा. त्याने ऐकलंय ते तुमच्या तोंडून, फोनवर. त्याला मंडळाच्या बैठकीला बोलवा, स्कॅन पाहू द्या, हवे ते प्रश्न डॉक्टरांना विचारू द्या. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांना मरू द्यावं, या मागणीच्या खटल्यात २०११ साली न्यायालयाने त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांचं ‘नको’ मानलं होतं. म्हणजे जिवाभावाच्या माणसाचा विरोध कोर्टालाही हलका वाटत नाही.

त्याच्यासमोर ‘मला काय वाटतं’ हे बोलू नका. आईचं वाक्य ठेवा. ती ते कधी म्हणाली, कुणाच्या आजारपणात म्हणाली, आणखी कोणी ऐकलं, मावशीने की शेजारणीने, हे आजच कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्या. कदाचित भावानेही ते ऐकलं असेल. त्याला विचारा.

इतकं करूनही तो तयार झाला नाही, किंवा दुसऱ्या मंडळाने नकार दिला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. पण भावाला तिथे प्रतिवादी करण्याआधी आठवडाभर थांबा.

उद्या सकाळी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या : ‘सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावे.’ तारीख घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.