मैदानाला फाटक कुठून आहे?

प्रश्न : आमची चाळ काळाचौकीला, एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून. गिरणीच्या जागेवर तीन टॉवर येणार आणि त्याच आवारात आम्हाला वेगळी इमारत मिळणार, असं बिल्डरची माणसं सांगतात. दर रविवारी मंडळाच्या ऑफिसात मीटिंग आणि भांडण. तरुण मुलं म्हणतात, सही करा, संडासापुढच्या रांगा एकदाच्या संपवा. जुनी माणसं म्हणतात, या जमिनीत आमचा घाम जिरलाय, टॉवर नकोतच. सासरे या गटात, नवरा त्या गटात. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत भलंमोठं हिरवं मैदान दाखवलंय. ते खरंच होतं का हो, ताई?
— एक सूनबाई, काळाचौकी

उत्तर : सूनबाई, घरातले दोघे पुरुष टॉवरवर भांडतायत आणि कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात. टॉवर किती मजल्यांचे, हे तुमच्या चाळीच्या मीटिंगमध्ये ठरत नाही. मैदानाचं मात्र आत्ताच विचारलं तर काहीतरी हाती लागतं. एकदा सह्या झाल्या की कोणी दारात उभं करत नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी नववीत. ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पुढे मी पालिकेत नकाशे काढायला लागले आणि गिरण्यांच्या जमिनी माझ्याच टेबलावर आल्या. म्हणून जरा लांबण लावते.

गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 च्या विकास नियमावलीत वाटणी सरळ होती. जमिनीचा एक वाटा पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. गिरणी 5 हेक्टरपर्यंतची असेल तर 33, 27 आणि 40 टक्के. 2001 मध्ये नियम बदलला. वाटे तेच राहिले, पण ते सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, गिरणीत जी जागा मोकळी होती तेवढ्या जागेचेच करायचे. शेड पाडून रिकामी झालेली जागा हिशेबात नाही! आता सासऱ्यांना विचारा, गिरणीत मोकळं काय होतं? गेटपासून टाइम ऑफिसपर्यंतचा रस्ता, कापसाच्या गाठी उतरवायचं पटांगण आणि तळं. बाकी सगळी खातीच खाती. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, म्हणजे मोकळ्या जागेचाच हिशेब कायम राहिला. तेव्हा मीटिंगमध्ये कोणी छातीठोकपणे म्हणालं की ‘तिसरा हिस्सा मैदानालाच जातो’, तर त्याला विचारा, कशाचा तिसरा हिस्सा? सध्याच्या नियमावलीत गिरण्यांचा नियम 35 क्रमांकाचा आहे. तो वकिलाकडून नीट वाचून घ्या.

दुसरं, नकाशातलं सगळं हिरवं सारखं नसतं. एक असतं पालिकेच्या ताब्यात जायचं, म्हणजे तुमचं-आमचं. दुसऱ्याला आम्ही ‘आरजी’ म्हणतो. ती त्या आवारातल्या राहणाऱ्यांची मोकळी जागा, बाहेरच्यांचा तिच्यावर हक्क नाही. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, पालिकेच्या वाट्याला आला तो भिंतीलगतचा लांबट पट्टा, आणि त्याचं फाटक सोसायटीच्या रॅम्पवरून. वॉचमन पोरांना विचारायचा, कुठल्या विंगमध्ये जायचंय? पोरं दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर क्रिकेट.

मातीचंही विचारा. कापडाच्या गिरणीत कसलं आलंय विष, असं वाटतं. पण रंगखातं असेल तर रसायनं जमिनीत मुरलेली असू शकतात, शिवाय बॉयलरची राख, सांडलेलं तेल. एका पाहणीत जेसीबीने काढलेली निळसर माती पोरं हाताला फासून खेळताना मी बघितली आहेत. मैदान करायचं तर आधी तिथली माती तपासली का, हे लेखी मागा. शेडवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडून खाली टाकू देऊ नका. ओले करून अख्खे उतरवायचे असतात. त्यांची धूळ छातीत बसते, आणि तुमच्या खिडक्या भिंतीपलीकडेच आहेत.

कागद मिळवणं अवघड नाही. माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजूर लेआउटची प्रत मागा, पालिकेला मिळणाऱ्या जागेची हद्द आणि तिथे जायचा रस्ता मागा. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटींची प्रतही घ्या. रंगीत पुस्तिका रद्दीत घाला.

नवऱ्याचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. चाळीस घरांना चार संडास हे मीही काढलंय, त्यात कसलीच मजा नाही. सासऱ्यांनी गिरणी कामगार म्हणून म्हाडाकडे घरासाठी अर्ज केला असेल, तर तो हक्क वेगळा, चाळीतल्या खोलीचा वेगळा. सहीच्या कागदात दोन्हींची सरमिसळ झालेली नाही ना, तेवढं बघा.

लेआउट हातात आला की सासऱ्यांनाच पुढे बसवा. तळं नक्की कुठे होतं, ते त्यांना डोळे मिटून सांगता येईल. त्या जागेवर आता काय लिहिलंय, ते मला कळवा.