नेतीचं पाणी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं, आणि मुद्दाम दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लगेच लिहायला बसले असते तर काहीतरी गोड गोड लिहून तुला शांत केलं असतं आणि तुझा प्रश्न तसाच राहिला असता. तू आश्रमात गेलास प्राणायाम शिकायला, ध्यान शिकायला, आणि तीन आठवडे झाले तरी दिवसाचे चार तास जातायत संडास-बाथरूम धुण्यात, सतरंज्या झटकण्यात आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून नेतीचं, म्हणजे नाक धुण्याच्या क्रियेचं, मिठाचं पाणी उकळण्यात. आणि शेवटच्या ओळीत विचारलंयस, "ताई, हा योग आहे की फुकटची मजुरी?"

खरं सांगू, दोन्ही असू शकतं. तोच झाडू, तीच फरशी, एका ठिकाणी साधना असते आणि दुसऱ्या ठिकाणी सरळसरळ राबवून घेणं असतं. म्हणून दोन्ही बाजू लिहिते, पण आधी पाण्याचं बोलू, कारण तू त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंयस, "नुसतं पाणी तर गरम करायचंय", आणि त्या वाक्यावरच मी अडकलेय.

नुसतं पाणी नाही रे ते. आपण पितो ते पाणी पोटातल्या आम्लातून जातं, नाकात घातलेलं पाणी तसं जात नाही, म्हणून त्यातले जंतू मारायला ते खळखळून उकळायलाच हवं आणि मग आपोआप कोमट व्हायला वेळ द्यायला हवा. घाई झाली म्हणून वरून नळाचं गार पाणी ओतलंस की उकळण्याचा सगळा अर्थ गेला. मीठ एक लिटरला साधारण 9 ग्रॅम, कारण आपल्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच असतो. कमी पडलं तरी नाक चुरचुरतं, जास्त झालं तरी चुरचुरतं. आणि मीठ पूर्ण विरघळलंय का ते भांड्याच्या तळाशी डाव फिरवून बघायचं, नाहीतर पहिल्या दहा जणांना आळणी पाणी मिळतं आणि शेवटच्या दोघांना समुद्र. हे सगळं तू पहाटे अंधारात, एकटा, अर्धवट झोपेत करतोस, आणि नीट केलंस तर कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. चाळीस माणसं रांगेत उभी राहतात, नाक साफ करून निघून जातात, एकजण म्हणत नाही की वा, आज पाणी अगदी बरोबर होतं. चुकलं तरच कळतं.

मला विचारशील तर अख्ख्या आश्रमात यापेक्षा चांगलं काम नवीन माणसाला देता येणार नाही. कुणी बघत नसताना मिठाची चिमूट मोजून घालणं आणि डोळे मिटून श्वास मोजणं, यात लक्ष तेच लागतं. तू ध्यानाला बसतोस तेव्हा मन पळालं तर कुणालाच त्रास होत नाही, पण पाण्यापाशी मन पळालं तर चाळीस नाकं चुरचुरतात, एवढाच काय तो फरक.

तू लिहिलंयस की काम करताना डोक्यात सतत तेच असतं, बाकीचे आत बसलेत आणि मी इथे. हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस ते मला फार आवडलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सहावा श्लोक आहे बघ, हातपाय आवरून बसलेला आणि मनानं मात्र विषयांमागे फिरणारा, त्याला तिथे मिथ्याचारी म्हटलंय. आपण तो श्लोक नेहमी आसनावर बसलेल्यांसाठी वाचतो. पण उलटंही खरंच की. हात फरशी पुसतायत आणि मन हॉलमध्ये जाऊन बसलंय, म्हणजे ना फरशी पुसली गेली ना ध्यान झालं. हे मी तुला रागवायला सांगत नाहीये, माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. उपाय म्हणून मला एकच गोष्ट जमली ती सांगते, काम छोटं करायचं. अख्खी बाथरूम डोळ्यांपुढे आणायची नाही, ही एक टाइल, ती झाली की पुढची. नाम घेत असशील तर एका टाइलला एक नाम. ज्ञानोबा स्वकर्माला फुलं म्हणतात, ती वाहून सर्वात्मक ईश्वराची पूजा करायची. फूल वाहताना आपण अख्खी परडी एकदम ओतत नाही ना, एकेक वाहतो.

आता तू म्हणशील की हे सगळं नंतर चिकटवलेलं तत्त्वज्ञान आहे, खऱ्या योग्यांनी कधी बाथरूम धुतल्या. तर ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचं उदाहरण घे. ते मुळात डॉक्टर, मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले. 1924 साली ऋषिकेशला संन्यास घेतला, आणि पुढे 1927 मध्ये लक्ष्मणझुल्याला धर्मार्थ दवाखाना चालवायला लागले, बद्रीनाथ-केदारनाथला पायी जाणारे यात्रेकरू आणि आजारी साधू तिथे यायचे. तप चाललेलंच होतं, पण दवाखाना बंद करून तप नाही. 1936 मध्ये त्यांनी डिव्हाइन लाइफ सोसायटी काढली तेव्हा तिच्या बोधवाक्यात पहिला शब्द सेवा ठेवला, ध्यान त्याच्या नंतर येतं. त्यांचेच शिष्य सत्यानंद, ज्यांनी पुढे मुंगेरला बिहार योग विद्यालय उभं केलं, ते 1943 मध्ये ऋषिकेशला शिवानंदांकडे आले आणि बारा वर्षं त्यांच्या आश्रमात पडेल ते काम करत राहिले. आणि आपल्या विनोबांचं तर तुला माहीतच असेल, पवनारहून सुरगावला रोज चालत जाऊन गावाची सफाई करायचे, महिनोन् महिने. हे सांगण्याचं कारण म्हणजे या सगळ्यांना बसून ध्यान करायला कोणी अडवलं नव्हतं. मन धुवायला त्यांना कामाइतकं सोपं दुसरं काही सापडलं नाही, एवढंच.

बरं, आता माझी एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगत नाही.

तेव्हा मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेन, पंगतीत वाढायची माझी ड्युटी असायची. सलग सात-आठ महिने एक दिवस चुकवला नव्हता, आणि हे मला पाठ होतं, कुठला महिना कितवा दिवस सगळं. एक दिवस सकाळपासून अंग कणकणत होतं, दुपारपर्यंत चांगला ताप चढला. मी कुणाला काही बोलले नाही, तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि डाव घेऊन उभी राहिले. तिसऱ्या-चौथ्या पानाशी असताना स्वयंपाकघर बघणाऱ्या आक्का आल्या, माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला, चटका बसला असणार त्यांना. डाव काढून घेतला. मला बाजूला नेऊन एवढंच विचारलं, "हे कुणासाठी चाललंय गं?" मी म्हटलं सेवा आहे, खंड पडायला नको. त्या म्हणाल्या, "खंड सेवेत पडतोय की तुझ्या हिशोबात?" आणि मला झोपायला पाठवलं. मी अंथरुणात पडून खूप रडले, तापापेक्षा जास्त त्या प्रश्नानं.

कारण खरंच की, समोर पंगतीत म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती, आणि मी तापलेल्या अंगानं, खोकत त्यांच्या पानात वाढत होते. त्यांची काळजी माझ्या डोक्यात कुठेच नव्हती, होता तो फक्त माझा न चुकलेल्या दिवसांचा आकडा. नंतर गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचं वर्णन वाचलं तेव्हा लख्ख कळलं, परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारा त्रास आणि स्वतःची ताकद यातलं काहीच न बघता जे केलं जातं ते. स्वतःची ताकद हा शब्द तिथे आहे, तो नीट बघ. आपल्याला वाटतं झिजून झिजून केलं म्हणजे सात्त्विक. तसं नाहीये ते. न झेपणारं काम हट्टानं ओढत नेणं तामसात मोडतं, आणि मी करते मी करते असं म्हणत प्रचंड आटापिटा करणं त्याच्या वरच्याच श्लोकात राजस म्हणून येतं. म्हणून बरं वाटत नसेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळीच सांगायचं की उद्या पाण्याला दुसरं कुणीतरी बघा. हे सांगता येणं हीसुद्धा सेवाच आहे, माझ्या मते जास्त अवघड.

कौतुकाचं थोडक्यात लिहिते कारण तू त्या मुलाबद्दल तक्रार केलीयस, जो फोटो काढण्यापुरता झाडू हातात घेतो आणि सत्संगात नाव त्याचंच येतं. होतं असं, सगळीकडे होतं. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे भागात, चार गोष्टी सांगितल्यात, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे दुर्लक्ष. तो मुलगा तुझ्यासाठी तिसऱ्यात बसतो की चौथ्यात ते तू ठरव, पण त्या चारात राग कुठेच नाही. आणि काम संपल्यावर मन कुठे जातं ते बघत जा. बादली जागेवर ठेवलीस, हात धुतलेस, त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात मन "कुणी पाहिलं का" असं बघायला गेलं, की पुढच्या कामाकडे गेलं. रोज फक्त बघ, बदलायला जाऊ नकोस. मला अजूनही रोज काहीतरी सापडतं तिथे.

आता दुसरी बाजू, आणि ही मी तितक्याच जोर देऊन लिहितेय.

सेवेच्या नावाखाली तरुण मुलांना पिळून घेणाऱ्या जागा आहेत. मी एका अशा ठिकाणी काही महिने राहिलेली आहे, तिथे नाही म्हटलं की लगेच ऐकवायचे, अहंकार अजून गेला नाही वाटतं. हे वाक्य कुठे ऐकलंस तर सावध हो. आपला अहंकार आपण बघायचा असतो, दुसऱ्यानं तो काम करून घेण्यासाठी वापरायचा नसतो. तू जिथे आहेस तिथलं मला काहीच माहीत नाही, म्हणून तूच शांतपणे बघ. रात्रीची झोप पूर्ण मिळते का. स्वतःच्या साधनेला आणि वाचनाला रोज ठरलेला वेळ मिळतो का, का कामच सरत नाही. घरी फोन करायला कुणाची परवानगी लागते का. जुने, मोठे साधक पण झाडू हातात घेतात का, की धुणं-पुसणं फक्त नव्या मुलांच्या वाट्याला येतं. पैशाचा हिशोब विचारला तर दाखवतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या बॅग भरून निघायचं म्हटलंस तर हसून निरोप देतील की शाप देतील. मुलींच्या बाबतीत, आणि मुलांच्याही, एकांतातली "खास सेवा" कुणी सांगितली तर तिथे विचार करत बसायचंच नाही, तडक बाहेर पडायचं आणि बाहेरच्या विश्वासातल्या माणसाला सांगायचं. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम शिकवणाऱ्यालाही लागू असतात. दुसऱ्याचे श्रम, दुसऱ्याचं तारुण्य फसवून घेणं म्हणजे चोरीच, अस्तेय कुठे राहिलं मग?

अजून एक गोष्ट, तुझ्या पत्रात शेवटी ओझरती आली होती पण मला तीच खटकली. पुढच्या महिन्यापासून सकाळचा नवख्यांचा आसनांचा वर्ग "सेवा म्हणून" तू घ्यावास असं तुला कुणीतरी सुचवलंय, आणि तुला त्याचा आनंद झालाय. आनंद समजू शकते, बाथरूममधून थेट स्टेजवर. पण तीन आठवड्यांत तू शिकवायला तयार झालेला नाहीस. समोरच्याला ब्लडप्रेशर आहे, काचबिंदू आहे, मानेचं दुखणं आहे, आणि तू त्याला शीर्षासनात उभं केलंस तर त्याचं नुकसान तुझ्या चांगल्या भावनेनं भरून येणार नाही. सतरंज्या घाल, आलेल्यांची चौकशी कर, कुणाला काय त्रास आहे ते वहीत लिहून शिकवणाऱ्याच्या हातात दे, वर्गात मागे उभा राहून बघ. शिकवायला अजून वेळ आहे आणि तेही आधी रीतसर शिकून. स्पष्ट सांग त्यांना, मला एवढं येत नाही म्हणून. ज्या जागी हे वाक्य आदरानं ऐकून घेतात ती जागा चांगली असते, आणि तुला तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आश्रम सोडावा की राहावं हे मी सांगणार नाही. वर लिहिलेल्या गोष्टी पंधरा दिवस बघ, रोज दोन ओळी वहीत लिहून ठेव आणि मग मला पत्र टाक. आणि हो, मीठ अंदाजानं घालत असशील तर एकदा काट्यावर मोजून बघ, एक चमचा भरून किती ग्रॅम होतं ते तुझ्याच चमच्यानं मोज, कारण बारीक मीठ आणि जाडं मीठ चमच्यात सारखं बसत नाही. मोजून झालं की तो चमचा तिथेच भांड्यापाशी दोरीनं बांधून ठेव, म्हणजे तू नसशील त्या दिवशी जो कुणी येईल त्याला सापडेल.

तुझी,
ताई