व्हिएन्नाची बोलणी का फिसकटली?

प्रश्न : रशियाविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान यांचे क्रिमियन युद्ध ऐन भरात असताना १८५५ मध्ये व्हिएन्ना येथे तहाची बोलणी झाली आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्या प्रतिनिधींना तोडगा पटलाही होता, असे वाचले. मग तह का झाला नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : ही बोलणी १५ मार्च १८५५ रोजी ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बुओल यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली. चर्चेला चार कलमे होती. डॅन्यूबकाठच्या संस्थानांवरील रशियाचे संरक्षकत्व आणि त्या नदीतील जलवाहतूक या दोहोंचा निकाल लवकर लागला. सारे अडले ते तिसऱ्या कलमापाशी, म्हणजे काळ्या समुद्रातील रशियाच्या आरमारावर मर्यादा घालण्यापाशी. क्रिमियातील रशियाचे आरमारी ठाणे सेव्हास्तोपोल याला आदल्या ऑक्टोबरपासून वेढा पडलेला असला, तरी ते अजून झुंजत होते. जे शत्रूला लढून मिळाले नव्हते ते आपण सहीनिशी का द्यावे, ही रशियाची भूमिका समजण्यासारखी होती.

यावर बुओल यांनी असा मार्ग सुचवला, की रशियाने युद्धापूर्वी होते तेवढे आरमार ठेवावे आणि ते वाढवल्यास ऑस्ट्रिया, इंग्लंड व फ्रान्स यांनी ते युद्धाचे कारण मानावे. इंग्लंडचे लॉर्ड जॉन रसेल आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री द्रुएँ द ल्वी या दोघांनाही हे पटले. त्यांच्या सरकारांनी मात्र ते फेटाळले. ज्या शहरापुढे महिनोन्‌महिने माणसे मरत होती, ते न घेता सैन्य माघारी आणणे इंग्लंडचे पंतप्रधान पामर्स्टन यांना रुचणारे नव्हते, आणि सैन्याच्या पाठबळावर गादी टिकवणाऱ्या फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला ते परवडणारे नव्हते. द्रुएँ यांनी मे महिन्यात आणि रसेल यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला.

साताऱ्याच्या राज्यासाठी वर्षानुवर्षे लंडनमध्ये दाद मागणाऱ्या रंगो बापूजींची आठवण येथे अनेकांना होईल. परंतु त्यांच्या पाठीशी कोणतेच बळ उरले नव्हते. व्हिएन्नात जमलेल्यांकडे ते पुरेपूर होते, म्हणून तेथील अपयश मला अधिक क्लेशदायक वाटते. ऑस्ट्रियाचा दोषही लहान नाही: रशिया न मानल्यास आपण स्वतः युद्धात उतरू, असे तिने ठामपणे सांगितले असते, तर तिच्या मध्यस्थीला वजन आले असते.

सप्टेंबर १८५५ मध्ये सेव्हास्तोपोल पडले आणि ३० मार्च १८५६ च्या पॅरिसच्या तहाने काळ्या समुद्रात रशियाला युद्धनौकांचा ताफा ठेवण्याची बंदी झाली. बुओल यांच्या तोडग्याहून कितीतरी कडक असलेले हे कलम रशियाने १८७० मध्ये, फ्रान्स प्रशियाशी लढण्यात गुंतलेला पाहून, झुगारून दिले.