खाज बरी होत नसेल तर

प्रश्न : माझे वय 62 आहे. बाह्य जननांगावर वर्षभर खाज असून मलमांनी तात्पुरताच आराम पडतो. आता तिथे खडबडीत गाठ हाताला लागते. हा कर्करोग असू शकेल का?

उत्तर : शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे आता मलमे बदलत न बसता लवकर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. लायकेन स्क्लेरोसससारख्या त्वचाविकारातही खाज आणि पांढरट चट्टे दिसतात, शिवाय त्यातून पुढे क्वचित कर्करोगही उद्भवतो. म्हणून नुसत्या पाहण्यावर न थांबता, बहुधा तेवढीच जागा बधिर करून, छोटा तुकडा काढून बायॉप्सी करणे आवश्यक ठरते. कर्करोग निघालाच, तर गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढतात आणि ती 1 मिलिमीटरहून खोल गेली असल्यास जांघेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड, जिथे कर्करोग पसरू शकतो) तपासतात. रेडिओथेरपीची (किरणोपचाराची) गरज बव्हंशी काढलेली गाठ आणि लसिकाग्रंथी यांच्या तपासणीच्या अहवालावरून ठरते.