एकाच घरचा स्वयंपाक, मग वजनात एवढा फरक का?

प्रश्न : आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलो. ताई आजही सडसडीत आहे आणि माझे वजन मात्र ७६ किलो आहे. आहार सांभाळून नऊ किलो उतरवले होते, त्यांतले सहा परत आले. जिममध्ये सांगतात की तुमचे मेटाबॉलिझम मंद आहे; घरचे म्हणतात की तोंडावर ताबा नाही. खरे काय समजावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या दोन्ही निदानांशी मी सहमत नाही, आणि दुसरे तर आपल्यावर अन्याय करणारे आहे.

सख्ख्या बहिणींची जनुके सरासरी निम्मीच जुळतात, त्यामुळे एका ताटात जेवूनही शरीरे वेगळी घडणे स्वाभाविक आहे. कॅनडातील संशोधक क्लोद बुशार यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज एक हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. जादा अन्न सर्वांना सारखेच होते, तरीही कुणाचे वजन सुमारे चार किलोंनी वाढले, तर कुणाचे तेरा किलोंनी. एकाच जोडीतील दोघा भावांची वाढ मात्र बऱ्याच अंशी एकमेकांशी जुळणारी होती.

वजनाशी संबंध असलेली शेकडो जनुकीय स्थाने आता ज्ञात आहेत. त्यांपैकी एफटीओ हे जनुक २००७ साली पुढे आले. त्याची वजन वाढवणारी प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेल्या व्यक्तींचे वजन ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त आढळले. अशा जनुकांपैकी बरीचशी मेंदूत काम करतात आणि भूक किती लागावी, पोट भरल्याची जाणीव केव्हा व्हावी, यावर त्यांचा प्रभाव असतो. म्हणजे ताईंना दोन पोळ्यांनंतर नको वाटते आणि आपल्याला तिसरी हवीशी वाटते, यात मनोनिग्रहाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. चयापचयाचे, म्हणजेच मेटाबॉलिझमचे म्हणाल, तर वजनदार शरीर विश्रांतीतही हलक्या शरीरापेक्षा सहसा जास्तच ऊर्जा खर्च करते. थायरॉइड ग्रंथीचे काम नीट चालले आहे ना, हे पाहण्यासाठी एकदा टीएसएच ही रक्तचाचणी करून घ्यावी. मात्र थायरॉइडच्या कमतरतेमुळे वाढणारे वजन बहुधा थोडेच असते आणि त्यात पाणी व क्षारांचा वाटा मोठा असतो.

चयापचय खऱ्या अर्थाने आडवे येते ते वजन उतरल्यानंतर. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, भूक वाढते आणि शरीर नव्या वजनाच्या मानानेही काटकसरीने ऊर्जा वापरू लागते. अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. त्यांनी वजन फार झपाट्याने उतरवले होते, आपल्या बाबतीत परिणाम इतका तीव्र असण्याची शक्यता कमी. पण दिशा तीच. म्हणून उतरलेले तीन किलो टिकले आहेत हे यशच माना, आणि पुढचा प्रयत्न करताना वजन उतरवण्याइतकाच काळ ते टिकवण्यासाठी राखून ठेवा. त्या काळात डाळी, उसळी, दही, अंडी यांतून पुरेशी प्रथिने घ्यावीत आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा.

आता ताईंविषयी, कारण हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ही तुलना २००४ साली दोघांच्या छायाचित्रासह ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळेही इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, तरी त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. तेव्हा सडसडीत दिसणे हे मधुमेहापासूनचे अभयदान नव्हे. दोघींनीही सहज श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून घेर मोजावा. तो ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला, तर वजनकाटा काहीही सांगो, रक्तातील साखर तपासून घ्यावी. घरात कुणाला मधुमेह असेल, तर घेर न पाहताच तपासावी.

प्रश्न : चाळिशीनंतर चयापचय मंदावते, हे खरे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : २९ देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेता विशी ते साठीपर्यंत ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर हळूहळू घटतो, असे त्यात दिसले. चाळिशीतील वाढत्या पोटाचे कारण बहुधा कमी झालेले चालणे, अपुरी झोप आणि घटणारे स्नायू यांत शोधावे लागेल.