मॉडेल चाललं, पण बरोबर चाललं का? स्पाइस मॉडेलविषयी वाचकांचे प्रश्न

बीसी५४७ चं एलटीस्पाइसमधलं मॉडेल पीस्पाइसमध्ये चालेल का?

चालेल. साध्या ट्रान्झिस्टरच्या मॉडेलची मूळ पॅरामीटर्स दोन्हीकडे सारखीच आहेत, कारण सर्किटचं सिम्युलेशन करणाऱ्या या दोन्ही प्रोग्रामांचं मूळ बर्कलीला १९७३ मध्ये आलेल्या स्पाइसमध्ये आहे. एलटीस्पाइसच्या ओळीत शेवटी उत्पादकाचं नाव आणि कमाल व्होल्टेज-करंट अशी निव्वळ माहितीपर पदं असतात. ती काढून टाका.

ऑप-अँपचं सबसर्किट (अनेक घटक जोडून केलेलं मॉडेल) जोडलं. एरर नाही, पण आउटपुट कायम सप्लायला चिकटलेलं. मॉडेल खराब आहे का?

बहुधा पिनांचा क्रम चुकलाय. सबसर्किटला पिनांची नावं कळत नाहीत, कळतो तो फक्त क्रम. पुष्कळ कंपन्या नॉन-इन्व्हर्टिंग, इन्व्हर्टिंग, धन सप्लाय, ऋण सप्लाय, आउटपुट असा क्रम पाळतात, पण तसा नियम नाही. फाइलमध्ये सबसर्किटच्या ओळीच्या आसपास तारांकित टिपणीत क्रम लिहिलेला असतो. तो वाचा आणि तुमच्या सिम्बॉलमधल्या पिनांच्या नेटलिस्ट (सिम्युलेटरला दिलेली जोडण्यांची यादी) क्रमाशी एकेक करून ताडून पाहा. इन्व्हर्टिंग आणि नॉन-इन्व्हर्टिंगची अदलाबदल झाली की निगेटिव्ह फीडबॅकचा पॉझिटिव्ह होतो आणि नेमकं तुम्ही सांगता तेच घडतं.

मला एररपेक्षा अशा मुक्या चुकांची जास्त काळजी वाटते. आणखी दोन सांगतो. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली, अक्षर मोठं असो की छोटं. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. तसंच कपॅसिटरच्या किमतीत ‘१एफ’ लिहिलंत तर ते एक फॅरड नव्हे, एक फेम्टोफॅरड होतं. दुसरी चूक सूत्रांतली: एनजीस्पाइस या सिम्युलेटरच्या बी-सोर्समध्ये (सूत्राने चालणाऱ्या सोर्समध्ये) ^ म्हणजे घात, तर एलटीस्पाइसच्या बी-सोर्समध्ये तेच चिन्ह एक्सॉर, म्हणजे एक तार्किक क्रिया. तिथे घातासाठी ** लिहा. सिम्युलेटर तक्रार करणार नाही, उत्तर मात्र भलतंच देईल.

एलटीस्पाइसमधला पॉवर मॉसफेट पीस्पाइसमध्ये नेताना ‘व्हीडीमॉस’ खोडून ‘एनमॉस’ लिहिलं तर?

असं करू नका. व्हीडीमॉस हे पॉवर मॉसफेटसाठी केलेलं वेगळं मॉडेल आहे. बॉडी डायोड त्यातच असतो आणि गेट-ड्रेन कपॅसिटन्स व्होल्टेजनुसार बदलतो. लेव्हल १ च्या (लेव्हल म्हणजे मॉडेलचा प्रकार सांगणारा आकडा) साध्या मॉसफेटमध्ये हे दोन्ही तसं नाही. अनोळखी पॅरामीटर्स खोडत गेलात तर फाइल चालेलही, पण स्विचिंगचे वेळ आणि लॉसेस यांवर विसंबता येणार नाही. त्यापेक्षा उत्पादकाने पीस्पाइससाठी दिलेलं सबसर्किट घ्या.

मग त्याचीही परीक्षा घ्या. ड्रेनला लोड लावून गेटमध्ये स्थिर १ मिलिअँपिअर सोडा आणि गेटचं व्होल्टेज पाहा. ते चढतं, मध्येच मिलर पठारावर थांबतं, पुन्हा चढतं. या करंटला जितके मायक्रोसेकंद, तितके नॅनोकूलोम. म्हणजे आलेख डेटाशीटमधल्या गेट-चार्जच्या आलेखाशी थेट ताडता येतो. पठाराची उंची आणि लांबी जुळली नाही, तर त्या मॉडेलवर कन्व्हर्टरची एफिशियन्सी काढू नका.

एचस्पाइससाठीचं लेव्हल ४९ चं मॉडेल एलटीस्पाइसमध्ये कसं वापरू?

लेव्हलचे आकडे प्रत्येक सिम्युलेटरने आपापले ठरवलेत. एचस्पाइस या सिम्युलेटरमधलं ४९ म्हणजे बीसिम३ हे मॉसफेटचं मॉडेल. तेच एलटीस्पाइसमध्ये ८ आणि पीस्पाइसमध्ये ७. बीसिम४ एचस्पाइसमध्ये ५४, एलटीस्पाइसमध्ये १४. आकडा बदलल्यावर मॉडेलची आवृत्तीही पाहा. शेवटी ड्रेन करंटचे आलेख दोन्हीकडे काढून एकमेकांवर ठेवा.

फाइल एन्क्रिप्टेड आहे. उलगडता येईल का?

त्या वाटेला जाऊ नका. ज्या सिम्युलेटरसाठी ती बनवली, त्यातच ती चालवा किंवा उत्पादकाकडे उघडी फाइल मागा. तीही मिळाली नाही, तर डेटाशीटवरून स्वतःचं साधं मॉडेल उभं करा. ऑप-अँपसाठी गेन, बँडविड्थ, स्लू रेट आणि आउटपुटची मर्यादा एवढ्यावर बरंच काम भागतं, आणि त्यात काय धरलंय, काय सोडलंय हे तुम्हाला नक्की ठाऊक असतं.