ऑस्ट्रेलियात राहायला चाललोय. तिथले विषारी प्राणी खरंच इतके भयंकर असतात का?

कोळी-सापांच्या आधी तुम्हाला छळेल तो मॅगपाय. काळा-पांढरा, साधारण कावळ्याएवढा पक्षी. ऑगस्ट ते ऑक्टोबर, विणीच्या दिवसांत, काही नर मागून सूर मारून थेट डोक्यावर येतात. सायकलवाल्यांवर तर खास राग. सगळेच असे नसतात, पण जो येतो तो चेहरे लक्षात ठेवतो! तेव्हा दगडबिगड मारून वैर घेऊ नका. सायकलवरून उतरून चालत जा, नाहीतर काही आठवडे रस्ताच बदला.

भिंतीवर पंजाएवढा कोळी दिसला तर तो बहुधा हंट्समन. दिसायला राक्षस, पण माणसाला धोका नगण्य, शिवाय झुरळं खातो. डबा पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि बाहेर सोडायचा. (पहिल्यांदा हात थरथरतातच.)

जपायचं ते सिडनीच्या आसपासच्या फनेल-वेब कोळ्याला. पण १९८१ मध्ये प्रतिविष आल्यापासून त्याच्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही. तो किंवा साप चावलाच तर जखम धुवू नका. अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट क्रेप बँडेज गुंडाळा, अजिबात हालू नका आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. बाहेर ठेवलेले बूट मात्र झटकूनच घाला.